माझी जागा गिरजाबाईंना

मी, रीता बापूराव खोब्रागडे, वय बावीस, ता. नागभीड, जि. चंद्रपूर, पूर्ण शुद्धीत, कोणाच्या दबावाखाली नाही पण थोड्या रागात हे लिहून ठेवते. परवा नागपूरला माझ्या पाठीच्या कण्याचं ऑपरेशन आहे. त्यानं पाय चालू होणार नाहीत; ते लहानपणापासूनच चालत नाहीत. धोका जिवाला आहे.

१. माझी तीनचाकी सायकल बाबांनी गरजू मुलीला द्यावी. फुकट, आणि फोटो न काढता.

२. पुस्तकं कॉलेजला परत. वर्ग वरच्या मजल्यावर होता. सर म्हणाले, "पोरं उचलून नेतील." मी तांदळाचं पोतं नाही. दुसऱ्या वर्षी सोडलं.

३. बचत गटातली माझी बचत आणि माझी जागा गिरजाबाई मेश्राम यांना. त्यांना दिसत नाही, म्हणून गटानं कधी घेतलं नाही. मला घेतलं, पण बैठक समाजमंदिराच्या गच्चीवर. अध्यक्ष दुर्गाबाई माझ्या वाट्याचा चिवडा घरी पाठवायच्या. अशाच एका बैठकीत पत्रावळीची मशीन ठरली, पायानं दाबायची! बसून करायचं काम, तेही माझ्या हातून गेलं. पुढच्या बैठकीला मी हातांवर पायऱ्या चढले.

"काऊन आली वं तू? चिवडा पाठवलाच असता."

"चिवडा तुमीच खा, दुर्गाबाई. मले बोलाचं हाये."

"पडली असती म्हंजे?"

"बैठक खाली घ्या, मंग कोनी पडत नाई."

आता बैठक अंगणात होते. मी मेले की ती पुन्हा गच्चीवर जाईल, म्हणून गिरजाबाई. त्या म्हणतात, "मले कोन घेते पोरी?" जागा अशी देता येत नाही म्हणे. मी देते. नाही म्हणायचं तर गिरजाबाईंना समोर बसवून म्हणा.

४. त्या मशीनला हाताचा दांडा नदीमनं वेल्डिंग करून बसवला. तो कोणी काढू नये. "हळू दाब, मशीन हाये, दुर्गाबाई नाई," असं म्हणणारा तोच. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही घेता येत नाही, म्हणून त्याला साक्षीदार केलंय. देत काहीच नाही, पण वाचल्याशिवाय त्यानं सही करू नये. नदीम, माझं तुझ्यावर प्रेम आहे. आता कर सही.

५. जिवंत परत आले तर हे सगळं रद्द. गिरजाबाईंची जागा तेवढी रद्द नाही. दोघी बसू. दुर्गाबाईंनी थोडं सरकावं.

सही: रीता बापूराव खोब्रागडे

साक्षीदार:
१. नदीम मुश्ताक शेख, वेल्डिंगवाला
२. चैतू मडावी, शेजारी

नागभीड, ९ फेब्रुवारी २०२५