अपात्रतेचे दाखले

४ ऑक्टोबर

आज सात पोरं सैन्याला अपात्र ठरवली. त्यातल्या एकालाच खरं काही झालं होतं, तेही गालगुंड. बाकीचे सहा म्हणजे बैल आहेत बैल! एकाला तर परवाच द्राक्षांच्या दोन-दोन टोपल्या खांद्यावरून नेताना पाहिलंय मी. त्याच्या कागदावर लिहिलं — मणका सरकलेला.

मी कुणाकडून काही घेत नाही. घेतात ते आमच्या भरतीमंडळाचे प्रमुख. मी डॉक्टर, मी फक्त लिहिते. आणि का लिहू नये? बराकीतल्या पोरांच्या वाट्याचा घेवडा कर्नलच्या मेव्हण्याच्या दुकानात मिळतो, हे अख्ख्या गावाला ठाऊक आहे. कुंपणच शेत खातंय. असल्या ठिकाणी कशाला पाठवायची लोकांची मुलं? मी वाचवते त्यांना.

आकडा मात्र भरावा लागतो. आमच्या तालुक्यातून अठरा म्हणजे अठरा. म्हणून बेसिक नावाच्या पोराला पात्र लिहिलं. भट्टीवर पाव भाजतो तो, आईबाप नाहीत. श्वास घेतला की छातीत शिट्टी वाजते. दमा आहे, आंधळ्यालाही कळेल. प्रमुख म्हणाले, ‘त्याच्यासाठी विचारायला कोण येणार आहे?’ कोणी आलं नाही.

६ ऑक्टोबर

अमिरान आला. माझा धाकटा भाऊ एरवी सणावारीच उगवतो. हातात वारुणीचा बुधला. तेव्हाच कळलं. त्याच्या मुलाला, मामुकाला, वीस पूर्ण झाली, आणि तो एकुलता एक.

लिहून दिलं. हृदयात दोष. भाच्याचं हृदय इतकं ठणठणीत आहे की नळी कानाला लावली तेव्हा घोडा दौडल्यासारखं ऐकू आलं.

पण भावाची खरी अडचण पुढेच होती! पोरगा सैन्यात जाणार नाही, हे ठरलं. पण सैन्यात जाणाऱ्याला घालतात ती मेजवानी घालायची, हेही ठरलं. ‘ताई, न घातली तर लोक तोंडात शेण घालतील. आमच्या घरातला प्रत्येक पुरुष गेलाय.’ म्हणजे मेजवानी खायची, गळ्यात पडून रडायचं, आणि दुसऱ्या दिवशी मामुकाला दीड वर्षासाठी बटुमीला मावशीकडे लपवायचं. मी हसले. ‘जेवायला येते,’ म्हणाले.

९ ऑक्टोबर

घोटाळा झाला. मामुका जाणार नाही, हे वालिकोकाकांना कुणी सांगितलंच नाही!

तमादा म्हणून त्यांनाच बोलावलं होतं. प्रत्येक प्याल्याआधी बोलायचा मेजाचा मान गावात दुसऱ्या कुणाला देणार? आणि तमादा बोलू लागला की मध्ये तोंड उघडायचं नाही, ही तर आमची रीत. आधी देवाच्या नावाने प्याले झाले, मग आईबापांच्या. मग गेलेल्यांसाठी सगळे पुरुष उभे राहिले. काकांचा मुलगा सुखुमीच्या लढाईत गेला, ते कुणाला सांगायला नको होतं. त्यांनी कोटाच्या आतून एक पट्टा काढला. मुलाचा, सैन्यातला. शांतपणे मामुकाच्या कमरेला बांधला आणि म्हणाले, ‘हा रिकामा राहिला होता. आता तू घाल.’

अमिरान ताटातल्या खाचापुरीकडे बघत राहिला. मी भावजयीकडे बघितलं, तिने खिडकीकडे. पन्नास माणसं जेवत होती आणि खरं काय ते आम्ही चौघंच जाणत होतो.

मामुकाने वारुणीचं शिंग तळापर्यंत रिकामं केलं. ‘जाईन,’ एवढंच बोलला.

मला वाटलं, छान नाटक निभावलं पोराने. खरंच असं वाटलं मला! लाज वाटते लिहायला.

१० ऑक्टोबर

मामुका बटुमीच्या बसमध्ये बसला नाही. पट्टाही सोडत नाहीये.

१२ ऑक्टोबर

दवाखान्यात आला, सरळ. दाखला रद्द कर म्हणतो. मी दार लावून घेतलं आणि तोंडाला येईल ते बोलले. वारुणी चढल्यावर दिलेला शब्द तो! तिथे उवा आहेत, कावीळ आहे, बूट दोघांत एक. कुणासाठी मरायचंय तुला? कर्नलच्या मेव्हण्यासाठी?

ऐकून घेतलं त्याने. मग म्हणाला, ‘आत्या, धडधाकट सगळे तू घरी बसवलेस. मग तिथे राहिलं कोण? सैन्य दुबळं आहे म्हणतेस. ते दुबळं कुणी केलं?’

मी म्हटलं, चालता हो.

दाराशी थांबून आणखी एक बोलला. ‘आमच्यासारख्यांच्या जागी बेसिक गेलाय. ठाऊक आहे ना तुला?’

१३ ऑक्टोबर

ठाऊक होतं.

१५ ऑक्टोबर

सुट्टी टाकून बराकीवर गेले. पाव आणि अक्रोड नेले होते. पहारेकऱ्याने अक्रोड ठेवून घेतले आणि मला आत सोडलं. दोन वर्षं तिथे डॉक्टर नाही. दवाखाना म्हणजे कुलूप.

बेसिक खाटेवर बसून होता, आडवं झालं की जीव गुदमरतो म्हणून. मला बघून उठायला लागला. उठायला! मी त्याच्या नावापुढे ‘पात्र’ लिहिलंय, आणि हा मला मान द्यायला उठतोय. ‘डॉक्टरीणबाई, इथली भट्टी बंद आहे. लाकडं दिली तर पाव मी भाजेन,’ म्हणाला.

बाहेर येऊन रडले. स्वतःच्या अकलेची इतकी घमेंड होती मला. सगळे चोर, मी तेवढी शहाणी! कर्नलने घेवडा नेला, मी माणसं नेली. जास्त कुणी लुटलं?

१६ ऑक्टोबर

दिवसभर लिहीत बसले. नावांसकट सगळं — खोटे मणके, खोटी हृदयं, बेसिकचा दमा. राजधानीतून नवा तपासनीस आलाय, त्याच्या हातात दिलं. तरुण आहे, कोटाचं बटण तुटलेलं. वाचून झाल्यावर विचारलं, ‘बाई, तुमच्यावरही खटला होईल, कळतंय ना?’ म्हटलं, वाचता येतं मला.

भीती वाटतेय. पण भूक लागली, दोन वाट्या सूप प्यायले.

२१ ऑक्टोबर

बेसिकला सोडलं! मोठ्या इस्पितळात नेलाय, औषध लागू पडतंय.

मामुका आज सैन्यात गेला. अमिरान पिशवी घेऊन बसपर्यंत आला, माझ्याकडे बघितलं नाही. बस हलली तेव्हा मात्र माझी बाही धरून उभा राहिला. 

२५ ऑक्टोबर

प्रमुख रजेवर. रजा कसली, पळालेत. कर्नललाही बोलावणं आलंय म्हणे. बघू.

आणि आज दारात कोण यावं? तो टोपल्यावाला! टोपी चुरगाळत म्हणतो, ‘डॉक्टरीणबाई, माझा मणका जागेवर बसवा. मामुका गेला, आता गावात तोंड दाखवता येईना.’ इतकी हसले की नर्स धावत आली. त्याच्या मागे आणखी दोघं उभे होते. तिघांनाही नीट तपासलं. एकाला खरोखर हर्निया निघाला, त्याला घरी पाठवला. तो नाराज झाला!

२ नोव्हेंबर

तपासनिसाने बोलावलं. खटला चालेल, महिने लागतील. तोवर बराकीवर यायला कुणी डॉक्टर तयार होत नाही, असं सहज बोलून गेला. मी म्हटलं, मी आहे.

वय अठ्ठावन्न, तरी तपासणी करावीच लागते. माझा मुलगा शोभेल इतका तरुण डॉक्टर. ‘गुडघे दुखतात?’ विचारलं त्याने. जिना चढताना रडू येतं मला. ‘छे, मुळीच नाही,’ म्हणाले.

त्याने लिहिलं — पात्र.