दुसऱ्याच्या माठातलं पाणी

३ मार्च १९८६, बेलापूर

कादंबरी संपली. सलग तिसरी असली! नायक एका खोलीत राहतो, कुणाशी बोलत नाही, आरशात बघून विचारतो — मी कोण? अडीचशे पानं विचारतो. उत्तर नाही ते नाहीच. कंपनीत अहमद म्हणाला, "नको वाचू यार असलं, डोक्याला ताप. लग्न कर." त्याला काय सांगू? पुस्तकातल्या माणसाचं एकटेपण निदान छापून तरी येतं. मी महाप्याच्या कंपनीतून येतो, दार उघडतो, भात लावतो. परभणी सोडल्यापासून मला नावाने कुणी हाक मारलेली नाही. कंपनीत "ए पॅकिंग", खाली "ओ दादा", अहमदचं "यार".

६ मार्च

भयंकर प्रकार! पहिली पाळी करून दुपारी आलो. डोकं अजून त्या कादंबरीत. जिना चढलो, लॅचला किल्ली लावली, आत गेलो, माठातलं पाणी प्यायलो. मग बघतो तर शेजारी शिलाई मशीन! भिंतीवर मक्केचं चित्र! सी-चारऐवजी सी-पाच बिल्डिंगमध्ये शिरलो होतो. बिल्डिंगी सगळ्या एकसारख्या, ते ठीक. पण किल्लीही लागावी? ठेकेदाराने सगळीकडे एकच लॅच ठोकलं की काय?

पळालो. कुणी पाहिलं नाही. बहुतेक.

७ मार्च

झोप नाही. माझी किल्ली तिथे लागते, म्हणजे माझ्या दारालाही कुणाची तरी लागत असणार. मग इथे माझं असं काय आहे?

११ मार्च

आज चुकून नाही. मुद्दाम गेलो. काही घेतलं नाही, आईशपथ! नुसता खाटेवर बसलो. खोली माझ्याएवढीच, पण तिथे कुणीतरी राहतंय असं वाटतं. फोडणीचा वास. दोरीवर ओली ओढणी. मशीनवर अर्धवट शिवलेलं झबलं. तांब्याभर पाणी प्यायलो आणि निघालो.

पकडला गेलो तर? चोर! नोकरी जाईल, खोली जाईल. गावात आई कुणाला तोंड दाखवेल? पुन्हा जायचं नाही. संपलं.

१४ मार्च

गेलो.

१६ मार्च, रविवार

मेलो! दिवाळे गावची शेवंताबाई खाली मासळी घेऊन बसते. बोंबील निवडता निवडता बायांना सांगत होती, "ती शिवनवाली शरीफा नाय का, सी-पाचची? एकटीच हाय, पोरगा मस्कतला. तिचे घरान भूत शिरलंय! दुपारची क्लासला जाते न् येते तं माठातला पानी कमी!" एक बाई म्हणाली, लॅच बदल म्हणावं, पोलिसात जा. शेवंताबाई हसली. "मी पन तेच सांगितला. तं म्हनते, जे काय हाय ते तानलेला हाय."

तहानलेला! मासळी न घेताच वर आलो. मला वाटायचं मी असलो काय, नसलो काय. आणि इथे एक बाई रोज माठात वाकून बघतेय, माझ्यापायी! झोपत तरी असेल का ती? पुस्तकातल्या नायकाचं बरं आहे, त्याच्यामुळे कुणाची झोप उडत नाही.

जाऊन सांगावं. पण काय सांगू? ओरडली तर अख्खी बिल्डिंग धावेल. एकट्या बाईच्या घरात परका पुरुष! जिवंत सोडतील मला?

१७ मार्च

अहमदला सांगायला तोंड उघडलं आणि चहा मागितला. भित्रा आहे मी!

१८ मार्च

संध्याकाळी गेलो, ती घरी असेल तेव्हा. दाराला नवं लॅच, पितळेचं. आता माझी किल्ली लागणार नाही. आणि दाराबाहेर स्टुलावर भरलेला तांब्या, त्यावर फुलपात्र पालथं घातलेलं.

जिन्यात कुणी नव्हतं. भूत म्हणूनच निघून जाता आलं असतं. पाणी प्यायलो. मग दार वाजवलं.

"कोन हाय?"

"मधुकर," म्हणालो. मग पुन्हा, मोठ्याने. "मधुकर खिल्लारे. सी-चारमध्ये राहतो. पाणी मीच पीत होतो."

आतून कडी काढल्याचा आवाज आला.