नाल्यावरची मुलाखत

९ डिसेंबर, मूल गावी
गाईडने प्रबंधातलं सोमरीबाईचं प्रकरण तिसऱ्यांदा परत पाठवलं. शेरा: 'हे वार्तांकन आहे, संशोधन नाही.' माझ्या भाच्याच्या वयाचा मुलगा! मी परदेशी पंतप्रधानांना उलटे प्रश्न विचारत होते, तेव्हा हा पाटीवर अक्षरं गिरवत असेल. पण पत्रकारितेतून निवृत्त झाल्यावर पीएच.डी.चं खूळ माझंच. विषयही माझाच: नेते नेते कसे होतात. परदेशातले दोघे लिहून झाले. ही एकच बाई हाताला लागत नाही.

१३ डिसें.
धानोऱ्याच्या पुढे, सोमरीबाईच्या गावी. ग्रामसभेची अध्यक्ष. ठेकेदाराला हाकलून गाव स्वतः बांबू विकतं ते हिच्यामुळे, असं सगळा तालुका सांगतो. ती सोडून. गावासमोर विचारलं की एकच उत्तर: "गावानं ठरोलं."
शेवटी माझी जुनी रीत. तिला बाजूला, नाल्यावर नेलं. गुप्ततेच्या फॉर्मवर सही, फोनवर रेकॉर्डिंग. मग बोलली! पुरुष मोहाची पिऊन बैठकीला येतात. मनीरामभाऊ, गावातले जुने जाणते, बाईचं म्हणणं ऐकूच घेत नसत. तिने त्यांना कसं वळवलं. सोनं मिळालं. परतताना गाडीत गुणगुणत होते. या वयात.

१८ डिसें.
मनीरामभाऊंचा फोन. आवाज चढवला नाही. "बाई, तिले नाल्यावर काऊन नेलं? गावाले सोडून काय बोलाचं रायते?"
बाहेरच्याशी बोलायचं ते गावासमोर, अशी तिथली रीत. मागे ठेकेदाराने आधीच्या अध्यक्षाला असंच बाजूला नेलं होतं. गावाने त्याला पदावरून उतरवलं. आता रविवारी सोमरीबाईला जाब विचारणार.
हे मला कुणी आधी सांगू नये? (मी तरी कुठे विचारलं.)

१९ डिसें.
गाईड म्हणतो, रेकॉर्डिंग कुणालाही ऐकवायचं नाही, नियम आहे. आयुष्यात पहिल्यांदा आमचं एकमत. एका देशात पासपोर्ट काढून घेतला तरी मी माहिती देणाऱ्याचं नाव सांगितलं नव्हतं. तिथे गप्प राहून माणूस वाचला. इथे गप्प राहिले तर बाईचं पद जातं.

२१ डिसें., रविवार
दुपारी गोटुलात, म्हणजे गावाच्या सामायिक घरात, सभा. सगळे जमिनीवर, सोमरीबाई बायकांमध्ये. कुणी ओरडलं नाही. ओरडले असते तर मला सोपं गेलं असतं, ओरडण्याला उत्तर देता येतं.
रेकॉर्डिंग का ऐकवता येत नाही ते सांगायला मी फॉर्म दाखवला. म्हटलं, ही गुप्तता बाईंच्या भल्यासाठी आहे.
मनीरामभाऊ म्हणाले, "तिच्या का तुमच्या?"
सोमरीबाई उठली. "वाजवा बाई. मी तिथी बोलली ते इथीबी बोलन."
मी हळूच सांगितलं, मनीरामभाऊंबद्दलही आहे त्यात.
"मंग त्याह्यनं तं आयकलंच पायजे."
बायका हसल्या. मनीरामभाऊ नाही.
शेवटपर्यंत ऐकलं सगळ्यांनी. निर्णय नाही. एकाचं जरी मन होत नसेल तर ठराव होत नाही, आणि मनीरामभाऊ 'विचार करतो' म्हणून उठले. पुढच्या सभेला मलाही बोलावलंय. तोवर ती अध्यक्ष आहे की नाही, तिलाही ठाऊक नाही. निघताना तिनेच मला गाडीपर्यंत सोडलं, सगळ्यांच्या देखत.
माझ्या कानातून मात्र रेकॉर्डिंगची सुरुवात जात नाही. आधी नाल्याचं पाणी, पाखरं. मग माझा आवाज, कॉन्व्हेंट शाळेतल्या सिस्टरांनी घोटून घेतलेला, स्वच्छ: "आता इथं कुणी नाही. मोकळेपणानं बोला."
आणि ते ऐकताना सगळं गाव माझ्याकडे बघत होतं.