पक्की प्रत

३ जून

पोचले एकदाची! दोन बॅगा, गुडघ्याचा पट्टा आणि ही कोरी वही, एवढ्या लवाजम्यानिशी दादाच्या घरी कायमची राहायला आले. दादा माझा चुलतभाऊ. घर आमच्या आजोबांनी बांधलेलं. पण माझे बाबा तरुणपणी इथून जे बाहेर पडले ते पुन्हा फिरकले नाहीत. त्यामुळे त्रेसष्टाव्या वर्षी मी आपल्याच घराण्यात पाहुणी.

वरची खोली मला दिली आहे. पूर्वेला खिडकी, भक्कम टेबल, त्यावर टाक आणि काचेची जुनी दौत. आतली लाल शाई वाळून दगड झाली आहे. दाराला कडी मात्र बाहेरून आहे, आतून काहीच नाही. सुतारानं दार उलटं बसवलं की काय, असं दादाला विचारलं. तो हसला नाही. वयानं माणसांना विनोद कळेनासे होतात, दुसरं काय.

दादाची नात मात्र झकास आहे. सारखं काहीतरी कुरतडत वाचत बसते, म्हणून सगळे तिला खारुताई म्हणतात. आईबाप नाहीत, दादानंच वाढवली. तिला डॉक्टरकीला प्रवेश मिळालाय. बारा तारखेला हजर व्हायचं, आणि त्याआधी कागदावर दादाची सही हवी. दादा करत नाही. खारुताईचं म्हणणं, आजोबांचा नकार म्हणजे फणस, वरून काटे असले तरी आत गरे असणारच. मला काही तो फणस पिकलेला दिसत नाही.

५ जून

दादानं काम काढलं. आत्याची जुनी पत्रं एका वहीत सुवाच्य उतरवून द्यायची. माझं अक्षर चांगलं, ही शाळेतल्या सिस्टरांची कृपा. मी जन्माची डावखुरी. त्यांनी पट्टी मारमारून उजव्या हाताला वळण लावलं. अजून उजवं मनगट पाहिलं की त्यांची आठवण येते, आणि गंमत म्हणजे ती गोडच असते.

आत्या म्हणजे बाबांची धाकटी बहीण. पासष्ट वर्षांपूर्वी डॉक्टर व्हायला गेली. घरात तिची गोष्ट एका दमात सांगतात: गेली, झेपलं नाही, डोक्यावर परिणाम झाला, घरी आणली, तापानं वारली. खारुताईनं ती पत्रं वाचावीत आणि शहाणं व्हावं, असा दादाचा बेत. एक गेली तेवढी पुरे, म्हणाला.

आजोबा हेडमास्तर होते आणि घरची पत्रंही तपासायचे. मुलांचं पत्र आलं की लाल शाईनं चुका काढायच्या, नको ती वाक्यं खोडायची, खाली दहापैकी गुण द्यायचे आणि पत्र परत पाठवायचं. मग लिहिणाऱ्यानं पक्की प्रत करून धाडायची. घरात राहायची ती पक्की प्रत. बाबा हे सांगून हसायचे. पण वसतिगृहातून लिहिलेल्या माझ्या पत्रात खाडाखोड दिसली की म्हणायचे, असू दे, हेच खरं पत्र.

आत्याच्या पक्क्या प्रती सोळा. सगळ्यांत तेच: अभ्यास नीट चालू आहे, प्रकृती उत्तम, आपल्या आज्ञेत. जांभया देत वाचल्या. शेवटच्या प्रतीत मात्र एवढंच, "मी या शिक्षणास अपात्र आहे. मला घरी न्यावे." एकोणीस वर्षांची पोर.

६ जून

टेबलाचा खण अडकत होता. ओढून पार बाहेर काढला, तर मागच्या पोकळीत कापडात बांधलेला गठ्ठा. आत्याची मूळ पत्रं! आजोबांनी तपासून परत पाठवलेली. तिनं जपून ठेवली आणि इथे आणून लपवली.

सकाळपासून वाचतेय. काय पोरगी होती! शवविच्छेदनाच्या पहिल्या दिवशी वर्गातली दोन दांडगी मुलं धाडकन खाली पडली आणि हिनं त्यांना कांदा हुंगवला. मुलांनी हिच्या डब्यात हाडूक ठेवलं, तर हिनं त्याचं नाव, बाजू आणि सांधे लिहून चिठ्ठीसकट परत दिलं. एका पत्रात लिहिते, "आज हात उघडला. बोटं हलवणारे मोठे स्नायू बोटांत नसतातच! ते वर, कोपराशी. तिथून लांब दोऱ्या खाली येतात. नाचतात बोटं, आणि ओढणारा बसलेला असतो वर."

त्यावर लाल रेघ. अशोभनीय. वगळ. दहापैकी तीन.

सोळाच्या सोळा पत्रांवर रेघा. जे जे तिचं होतं ते ते खोडलेलं. आणि प्रत्येक ओळीवर शाई फरफटलेली, ओल्या अक्षरांवरून हात गेला की होते तशी. मला लगेच ओळखू आलं. आत्याही डावखुरी होती.

मग पक्क्या प्रती काढून पाहिल्या. पंधरांवर तेच फराटे. सोळावी, ती "अपात्र"वाली, लख्ख कोरी. ती आत्यानं लिहिलेली नाही. उजव्या हातानं कुणीतरी लिहिली.

सोळावं मूळ पत्र वेगळंच आहे. ती पहिल्या वर्गात पास झाल्याचं.

७ जून

सकाळी वही उघडली. कालच्या नोंदीतल्या "काय पोरगी होती!" यावर लाल रेघ. समासात लिहिलंय, अतिशयोक्ती.

खारुताईचा चावटपणा म्हणून तिला दटावलं. तिनं आईशप्पथ घेतली आणि विचारलं, आजी, तुमच्या दौतीतली शाई तर वाळलेली आहे ना?

वर येऊन पाहिलं. शाई ओली आहे.

८ जून

नाही घाबरायचं. मी तीस वर्षं आठवीचा वर्ग सांभाळलाय.

मूळ पत्रं नव्या वहीत उतरवायला बसले, म्हणजे खारुताईला वाचता येतील. दहा मिनिटं छान गेली. मग खाली पाहिलं. मी वाचत होते हाताबद्दल, आणि लिहीत होते, अभ्यास नीट चालू आहे. अभ्यास नीट चालू आहे. अभ्यास नीट चालू आहे. पानभर. माझ्या वळणदार अक्षरात.

पान फाडलं. कोपराखाली दुखतंय, कुणी धरून ठेवल्यासारखं.

९ जून

सर्व क्षेम आहे. सापडलेले कागद निरुपयोगी असून ते जाळावेत. मुलीने घरी राहावे. आपल्या आज्ञेत.

९ जून, दुपार

वरची नोंद माझी नाही. अक्षर माझं आहे. मी लिहिलेली नाही.

खाली तिला गुण दिलेत. दहापैकी दहा.

गठ्ठा पोटाशी घेऊन बसले. तेव्हा दिसलं, सोळाव्या पत्राच्या पाठीमागे पेन्सिलीनं बारीक लिहिलंय. तारखा. एक्केचाळीस. रोज एक ओळ. "ताप नाही. नाडी बहात्तर. मी ठीक आहे. पक्की प्रत मिळणार नाही." दुसऱ्या दिवशी तेच. विसाव्या दिवसापासून, "आजही ताट आलं नाही. ताप नाही. नाडी अठ्ठावन्न. पक्की प्रत मिळणार नाही."

म्हणजे, "मी अपात्र आहे" असं स्वतःच्या हातानं लिहिलंस तर कडी काढू. हा आजोबांचा सौदा होता. तिनं लिहिलं नाही, म्हणून ती सोळावी प्रत त्यांनीच लिहिली. आणि ती स्वतःची नाडी मोजत बसली. शिकलेली होती ना.

याच खोलीत.

१० जून

दादासमोर पत्र ठेवलं. पेन्सिलीच्या ओळींवर त्यानं बोट फिरवलं आणि ढसाढसा रडला. तेव्हा तो सहा वर्षांचा होता. ती आतून हाका मारायची, त्याला राजा म्हणायची. म्हणाला, कडीला हात पुरत नव्हता गं. स्टूल आणलं तर आजोबांनी ते काढून घेतलं. पुढे सगळे ताप म्हणाले, मग मीही ताप म्हणत गेलो.

मी म्हटलं, दादा, आता पुरतो ना हात?

उठला. चष्मा शोधला. सही केली.

वर आले तर वहीत पानभर लाल रेघा. नुसत्या रेघा. कागद फाटलाय.

११ जून

बोटं हलतात. मी हलवत नाहीये —

उजवा हात उशीखाली दाबून बसलेय. हे डाव्यानं लिहितेय. पन्नासेक वर्षांनी. पहिलीतलं पोर बरं. पण माझं आहे.

गठ्ठा खारुताईच्या बॅगेत, पुस्तकांच्या खाली. माझ्या उजव्या हातानं दोनदा बाहेर काढला. मी डाव्यानं दोनदा परत ठेवला.

१२ जून, सकाळ

गेली! दादा सोडायला गेलाय. मूळ पत्रं तिच्याबरोबर. फाटकातून ओरडली, आजी, पहिलं पत्र तुम्हालाच, आणि भरपूर चुका करून! पोरी, कर. खूप कर.

त्यांच्याबरोबर जायला हवं होतं, मला कळतं. पण ती खोटी प्रत इथे राहिली असती, आणि उद्या कुणीतरी तिलाच खरी म्हटलं असतं. ती या पानावर चिकटवली आहे.

कडी पडली. बाहेरून.

घरात कुणी नाही.

पडू दे. दादा येईल. त्याचा हात पुरतो.

दौत काठोकाठ — बरंच झालं. टाक बुडवला. उजवा हात कुणीतरी धरलाय, वर, कोपराशी, जिथून दोऱ्या — धरा. डावा मोकळा आहे. सिस्टर, माफ करा.

आजोबा, तुमचं पत्र तपासलं.

"अपात्र" — खोटं. खोडलं.

"मला घरी न्यावे" — खोटं. खोडलं.

पाठीशी कुणीतरी श्वास — खडूचा वास —

ताप नाही. नाडी एकशे वीस. मी ठीक आहे. पक्की प्रत मिळणार ना ही

डाव्या मनगटावर आता — थांबा, गुण द्यायचे राहिले —

दहापैकी