लांबच्या कोपऱ्यातली हवा

तीर्थरूप बाबा, नमस्कार.

मागच्या पत्रात मी चुकीचं लिहिलं. इथली चिखलाची जमीन खचायची थांबली म्हणजे घट्ट झाली, असं सुपरवायझर म्हणाले आणि मी तेच तुम्हाला कळवलं. आता मला तसं वाटत नाही.

चिखलावर प्लास्टिकची चादर अंथरून पंपाने खालची हवा आणि पाणी ओढून घेतात, तेव्हा जमीन दबते. दाबाचा काटा पंपाजवळच बसवलाय, त्यामुळे तो कायम छान दिसतो. काल मी लांबच्या कोपऱ्यात चादरीला गाल लावला, तुम्ही पंक्चर शोधताना ट्यूबला लावता तसा. तिथून हवा आत शिरत होती, म्हणजे तिथे ओढच पोचत नाही; जमीन घट्ट न होताच खचायची थांबली असणार.

"ताई, झोप आली असेल तर ऑफिसात जाऊन झोपा," सुपरवायझर हसले. पण दुपारी त्याच कोपऱ्यावर वाळूची पोती येऊन पडली, हे मला खटकलं.

इथे दवाखाना उभा राहणार आहे, बाबा. शुक्रवारी पंप बंद करणार म्हणतात.

मी वेळेवर जेवते. आईचा गुडघा कसा आहे? हे वरचं तिला वाचून दाखवू नका.

मोठ्या साहेबांसमोर ती पोती हलवून काटा तिथे लावायला सांगणार आहे. नोकरीचं काय व्हायचं ते होवो, पण पंप बंद व्हायच्या आधी, गुरुवारीच.

तुमची लेक