वरच्या बाकावरचा कोरडा माणूस

प्रिय टाउनो,

तुझं दार माझ्या दारापासून सोळा पावलांवर आहे आणि तरीही हे पत्र मी टपालपेटीत टाकणार आहे. समोर आलो असतो तर तू नेहमीसारखं "बस रे प्रोफेसर, आधी कॉफी" म्हणाला असतास, मी बसलो असतो, आणि माझा राग तुझ्या वेलचीच्या पावाबरोबर पोटात गेला असता. तो मला गिळायचा नाही.

शनिवारी तुझ्या सॉनाच्या, त्या लाकडी वाफघराच्या, चिमणीतून धूर निघताना दिसला. मी घरातल्या चपलांनिशी बर्फातून धावलो. तू वरच्या बाकावर एकटा, तापल्या दगडांवर पळीने पाणी ओतत बसलेला. अंग कोरडं ठणठणीत, चेहरा बिटासारखा. मला बघून म्हणालास काय, तर "दार लाव, ऊब जातेय." डॉक्टरांनी ज्या एका गोष्टीला सक्त मनाई केली, ती तू करत होतास, आणि वर मलाच शिस्त शिकवत होतास.

तीन हिवाळे आपण सगळे मूर्ख होतो, हे आधी मान्य करतो. दर शनिवारी मी दहा मिनिटांत निथळत खाली उतरायचो. तुझा मेहुणा ऑन्नी म्हणायचा, "गेला बघा पंडित वितळून. आणि आमचा टाउनो बघा, टॉवेलसुद्धा ओला नाही. याला म्हणतात सिसू." सिसू म्हणजे तुमचा फिनिश चिवटपणा; तुमच्यात हा शब्द आला की माणूस ताठ होतो. तूही ताठ बसायचास. डोकं गरगरत होतं, पण ऑन्नीच्या देखत खाली उतरणं तुला मरणाहून कठीण. मीही टाळ्या वाजवल्या. ज्याला घाम येत नाही तो चिवट, असं समजायला अख्ख्या अमेरिकेत आपलंच गाव हवं.

माझा गुन्हा तुझ्याहून मोठा. संस्कृत शिकून मी इथे ग्रंथालयात पुस्तकांवर शिक्के मारतो, पण पाठ केलेलं विसरलेलो नाही. मन हललं की देहावर आपोआप उमटणाऱ्या खुणा आमच्या जुन्या शास्त्रकारांनी आठ मोजल्या. त्यांत घाम आहे, कंप आहे, आवाज फुटणं आहे, आणि शेवटी शुद्ध हरपणं. त्यातली एक खूण तुझ्या अंगावरून पुसली जात होती आणि मी शेजारी बसून तुला काव्यशास्त्रावर व्याख्यान देत होतो.

गावातल्या डॉक्टरचं तर नावही काढू नकोस. "या वयात घाम कमीच येतो, कपडे कमी धुवा," म्हणे. तू ते विनोद म्हणून चार जणांना सांगितलंस. चर्चमध्ये उभं राहताना डोळ्यांपुढे काळोख येतो, लघवीला त्रास होतो, हे मात्र कोणालाच नाही. नोव्हेंबरात सॉनातून घराकडे येताना कोसळलास, तेव्हा कुठे मोठ्या इस्पितळात गेलो.

तिथे तुला नारिंगी पूड फासून गरम पेटीत झोपवलं. घाम आला की पूड जांभळी होते. तू त्या नर्सबाईंना म्हणालास, "बाई, दगड कुठायत? निदान थोडं पाणी तरी टाका." त्या हसल्या. तासाभराने बाहेर आलास तेव्हा कपाळावर आणि मानेवर दोन जांभळे पट्टे होते. बाकी तू गळ्यापासून पायापर्यंत नारिंगी. त्या हसायच्या थांबल्या. डॉक्टर सरळ बोलले: दोष कातडीत नाही, न सांगता काम करणाऱ्या नसांमध्ये आहे. घाम, रक्तदाब, मूत्राशय सांभाळणाऱ्या नसा झिजताहेत. कदाचित वर्षानुवर्षं इतकंच राहील. कदाचित चालण्यावर, बोलण्यावरही येईल. बरं करणारं औषध नाही, पण पडू न देणारी औषधं आहेत. तीन महिन्यांनी यायचं, आणि उष्णतेत बसायचं नाही.

परतताना गाडी गावाजवळ आली. मग म्हणालास, "आयलीला सांगायचं नाही. पोरगी नोकरी सोडून इथे येऊन बसेल. शब्द दे." मी दिला. तिचा फोन आला तेव्हा तुझ्या बाजूला उभं राहून मी, आयुष्यभर सत्यावर सुभाषितं ऐकवणारा मी, "बर्फावरून घसरला गं, एवढंच," असं खोटं बोललो. पुढची तारीख आली आणि गेली. तू मासे धरायला गेलास.

म्हणून आता हे सांगायला लिहितो आहे: काल मी आयलीला फोन केला आणि सगळं सांगितलं. मग तिने विचारलं, "काका, ते अजून एकटे जातात का सॉनात?" मी शनिवारचं सांगितलं. गुरुवारी ती येते आहे, इस्पितळाची नवी तारीख घेऊन. मी शब्द मोडला, आणि माफी मागणार नाही. माझ्याशी अबोला धरायचा तर खुशाल धर, वीस वर्षं धर. फक्त ती वीस वर्षं समोरच्या घरात धडधाकट राहून धर.

तुझाच, आणि तूर्त तुझ्यावर भयंकर चिडलेला,
मुकुंद