कोंडलेला उंट

३ जून, मंगळवार

धाकटीचं आज पुन्हा कौतुक. बुद्धिबळाच्या क्लबातले टपालवाले काका सगळ्यांसमोर म्हणाले, "हिला नुसत्या चाली नाही, त्यामागचा विचार कळतो." म्हणजे आम्ही काय घोकंपट्टी करतो? — हो, करते. फ्रेंच डिफेन्सच्या, काळ्याच्या त्या बचावाच्या, बारा चाली मला झोपेतून उठवलं तरी म्हणता येतील. आणि हिला क्लबात नेलं कोणी? मीच.

५ जून

चष्म्याच्या दुकानात गिऱ्हाइकाला भलतीच फ्रेम बांधून दिली. डोक्यात दुसरं काही नाहीच. संघात एक जागा उरलीय, ती तिची किंवा माझी. रविवारी आम्हा दोघींचा डाव.

६ जून

जेवताना मला शिकवायला लागली. "ताई, फ्रेंचमध्ये काळ्याचा एक उंट आपल्याच प्याद्यांमागे कोंडला जातो, म्हणून—"

मी ताट उचलून उठले. माझ्या उंटाची काळजी तू नको करूस! महिना झाला, तिच्याशी धड बोलत नाही मी. "दिवा बंद कर" एवढंच.

८ जून, रविवार

जिंकले!!

काळी मोहरी माझ्याकडे. तिसऱ्या चालीला तिने प्यादं पुढे सरकवायचं, तर सरळ माझं प्यादं मारलं. मीही उलट मारलं. पाठांतर तिथेच संपलं. पण माझी मोहरी भराभर बाहेर पडली आणि सत्ताविसाव्या चालीला तिने डाव सोडला.

तिचा पडलेला चेहरा बघायचा होता मला. ती मोहरी डब्यात भरत बसली. मजा आली, पण ठरवली होती तेवढी नाही.

१२ जून

क्लबात नवीन आलेल्या शिंपीणबाईंना शिकवायला काकांनी मला बसवलं. "संघातली ना तू आता." मी धडाधड चाली मांडल्या. तिसऱ्या चालीला बाई म्हणाल्या, "इथे पांढऱ्याने मारलं का नाही?"

असं मला कधी कोणी विचारलंच नव्हतं. पटाकडे बघत राहिले आणि बोलत गेले — "मारलं तर काळ्यालाही उलट मारावं लागतं. मग वाट मोकळी होते, त्याचा कोंडलेला उंट सुटतो. पांढऱ्याला तो कोंडलेलाच हवा. म्हणून प्यादं पुढे सरकवून दार लावायचं. काळ्याने मग बाजूने येऊन त्या प्याद्याच्या आधारावरच घाव घालायचे." बाईंना कळलं. मलाही, आज पहिल्यांदा.

आणि हातातलं प्यादं हातातच राहिलं. जिला हे माझ्याआधी ठाऊक होतं, तिने रविवारी मारलं कसं?

१३ जून

विचारलंच. ती दोरीवर कपडे वाळत घालत होती.

"मुद्दाम हरलीस?"

मान वर न करता म्हणाली, "ताई, महिनाभर तू माझ्याशी बोलली नव्हतीस."

जागा परत देते म्हणाले. "जागा नको. पट मांड."

म्हणजे इथेही तीच पुढे. मांडला पट.